नाव तेच, आजोबा दुसरे

...नाही, पण मला एक सांगा, नाव तेच, आडनाव तेच, गावही तेच, मग माणूस दुसरा असेल अशी शंका तुम्हाला तरी आली असती का? बायको म्हणते, यायला हवी होती. मेहुणी म्हणते, यायला हवी होती. काल सकाळी दूधवाला पिशवी हातात देता देता म्हणाला, "साहेब, वाईट वाटलं ऐकून, पण जरा चौकशी करायची होतीत." आता मला सांगा, ही गोष्ट दूधवाल्यापर्यंत पोचवली कुणी? मी तर नाही. मी त्या दिवसापासून घरातल्या घरातसुद्धा भिंतीच्या कडेकडेने चालतोय! पण नाव तर तेच होतं ना...

थांबा, असं मधूनच सांगून उपयोग नाही. मी चष्म्याच्या फ्रेमा विकतो. दुकान वगैरे नाही, गाडीच्या डिकीत पेट्या भरायच्या, गावोगावच्या चष्मेवाल्यांकडे जायचं, पेटी उघडायची, "ही बघा, एकदम हलकी, नाकावर असल्याचं कळणारसुद्धा नाही" असं म्हणायचं आणि त्यांनी "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं की पेटी बंद करायची. चाललंय. माझी काही तक्रार नाही. तक्रार होती ती सासरेबुवांची. म्हणजे ते बोलून दाखवत नसत, तोच तर त्रास. सासरेबुवा जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आले. सोनाराचा नाजूक काटा असो नाहीतर धान्याच्या गोदामातला मोठा, ते नुसतं पारड्याला बोट लावून सांगायचे, हा खोटं बोलतोय. असा माणूस, त्यामुळे शब्दसुद्धा तोलून. मला "या", "बसा" आणि "निघालात?" एवढंच. आणि नेहमी तुम्ही! लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तुम्ही! थोरल्या साडूंना मात्र "ये रे, बस रे, खाल्लंस का?" साडूंचं फर्निचरचं मोठं दुकान आहे, तो भाग वेगळा.

तर सासरेबुवांची पंचाहत्तरी आली. साडूंनी आधीच जाहीर करून टाकलं की ते खुर्ची देणार. साधी नाही, कळ दाबली की पाठ मागे जाते, पाय वर येतात, माणूस आडवा. बायको मला म्हणाली, "आपण काय देणार?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "फ्रेम देऊ नका." झालं, तेवढं एक सुचलं होतं तेही गेलं.

आणि त्याच आठवड्यात मी धंद्यासाठी गेलो त्या नदीकाठच्या गावी, जिथून सासरेबुवांचे आजोबा इकडे आले. का आले, कुणाला माहीत नाही. घरात त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक की ते बुटके होते, केरसुण्या बांधून विकायचे आणि गावाचं नाव काढलं की उठून आत जायचे. सासरेबुवांना त्यांचंच नाव ठेवलंय. लहानपणी शाळेत विचारायचे म्हणे, तुझं नाव कुणाचं? आजोबांचं. आजोबांनी काय केलं? आणि सासरेबुवा गप्प. हे मला बायकोने सांगितलेलं. तेवढं एक त्यांना कायम लागून राहिलेलं.

मी तिथल्या चष्मेवाल्याला सहज विचारलं की या नावाचं कुणी होऊन गेलं का इथे? तो म्हणाला, "एक का? या नावाचे इथे पुष्कळ झाले. अर्धं गाव त्या आडनावाचं." आणि बोटांवर मोजून सांगायला लागला. एक या नावाचे न्यायाधीश होते, बाजारातल्या रस्त्याला नाव आहे त्यांचं. एक पहारेकरी होता, धान्याच्या कोठारावर, तो झोपला आणि कोठार जळलं, अजून इथे कुणाला डुलकी लागली की त्याच्या नावाने हाक मारतात. आणि एक तो होडीवाला, धक्क्यावर दगड आहे बघा त्याचा.

आता खरं सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं... निवड माझ्या हातात होती. न्यायाधीश केरसुण्या विकणार नाही, तो गेला. पहारेकरी? हे शक्य होतं. मनात आलंही, उठून आत जायचे म्हणतात, हेच असतील. पण पंचाहत्तरीला सासऱ्यांना काय सांगू, तुमचे आजोबा झोपले? म्हणून मी ठरवूनच टाकलं की तो पहारेकरी आपला नाही. आणि धक्क्यावर गेलो.

दगड होता. चांगला पुरुषभर उंच. वर नाव, मधलं नाव कोरायला बहुतेक जागा नसावी, नुसतं नाव आणि आडनाव, ठसठशीत. खाली लिहिलेलं की होडी बुडाली तेव्हा यांनी पुन्हा पुन्हा पाण्यात उड्या घेऊन कित्येकांना काठावर आणलं. आणि त्याच्या पुढ्यात होडीच्या तिकिटांची पत्र्याची टपरी. दगडापासून जेमतेम वीतभर फट ठेवून उभी केलेली, त्यामुळे दगडाचा खालचा भाग टपरीच्या मागे. मी विचारलंही मनाशी, खाली काय असेल? असेल काहीतरी, दगड कुणी बसवला, पैसे कुणी दिले... असंच असतं ना खाली? तुम्ही वाचता का कधी? मी जन्मभर लोकांना जवळचं लांबचं दिसायची सोय करणारा माणूस, मला एवढंही वाटलं नाही की वाकून बघावं. पण नाव तर तेच होतं ना!

मग काय, पंचाहत्तरीचा दिवस. इमारतीच्या तळमजल्यावरचं सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या, माईक, आणि मधोमध ती साडूंची खुर्ची, त्यात सासरेबुवा ताठ बसलेले, कारण त्यांना ती खुर्ची खालून हुंकार देते याचीच भीती वाटत होती. भिंतीवर घरातले जुने फोटो लावलेले. पहिल्या रांगेत आत्याआजी. ही सासरेबुवांची आत्या, त्या आजोबांची धाकटी लेक, नव्वदी ओलांडलेली, कानाने पार अधू. नातेवाईक आपापलं बोलले, साडू बोलले, मग मी उठलो. बायकोने कुजबुजून विचारलं, काय बोलणार आहात? मी म्हटलं, बघच.

आणि तुम्हाला सांगतो, मी बोललो! असा मी कधीच बोललो नव्हतो. होडी उलटल्याचं सांगितलं, नदीचा लोंढा सांगितला, किंकाळ्या सांगितल्या. दगडावर पूर नव्हता, पूर मी घातला. एक तान्हं मूल त्यांनी दातात धरून आणलं असं सांगितलं... हो, दातात! ते कुठून आलं मला माहीत नाही, माईक हातात होता. आणि मग थांबलो, सासरेबुवांकडे वळलो आणि म्हटलं, "बाबा, लहानपणी तुम्हाला विचारायचे, आजोबांनी काय केलं. हे केलं. तेच नाव तुमचं आणि तेच रक्त तुमचं."

सासरेबुवा उठून उभे राहिले. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरले, बाह्या वर सरकवल्या आणि मनगटांकडे असे बघत राहिले की जणू आत्ताच कुणीतरी ते हात त्यांना लावून दिलेत. मग डोळे पुसले. त्यांना रडताना मी कधीच बघितलं नव्हतं, सासूबाईंनीसुद्धा नसावं, कारण त्या घाबरल्या. आणि ते मला म्हणाले, "इकडे ये रे. बस माझ्याजवळ."

ये रे! बस! ते परत खुर्चीत टेकले, मी तिच्या हातावर बसलो. लोक येऊन हात मिळवत होते, आधी त्यांच्याशी, मग माझ्याशी. साडू लांब उभे होते. मला सांगायला लाज वाटते, पण मी त्यांच्याकडे बघून हसलो. त्यांची खुर्ची, आणि तिच्या हातावर मी.

आता साडू माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी माझे पाय ओढायला काही केलं नाही. उलट त्यांच्या मनात आलं की त्या दगडाचा मोठा फोटो करून घ्यावा, सागवानी चौकटीत, दर्शनी खोलीत लावावा. म्हणून त्यांनी तिथेच फोन काढला आणि दगडाचा फोटो शोधला. सापडला. कुणीतरी जुन्या काळी काढलेला, टपरी यायच्या आधीचा. अख्खा दगड. साडूंना आनंद झाला, त्यांनी माईक घेतला आणि फोन डोळ्यांशी धरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नाव वाचलं. टाळ्या. होडीचं वाचलं. टाळ्या. मी म्हटलं असेल, वाचा, वाचा. आणि ते पुढे वाचत गेले, "...अखेरच्या खेपेस ते स्वतः परतले नाहीत. वय बावीस. आईचे एकुलते एक. अविवाहित."

टाळ्या वाजायला लागल्या होत्या, त्या अर्ध्यावर राहिल्या. तुम्ही कधी माणसांना हिशोब करताना बघितलंय का, सगळ्यांना एकदम, तोंडं उघडी ठेवून? बावीस. परतले नाहीत. अविवाहित. आणि त्यांचा सख्खा नातू समोर बसलेला, पंचाहत्तर वर्षांचा.

त्यात मी दचकून उठताना माझा हात कुठे पडला असेल? कळीवर. खुर्ची घुर्र करून मागे जायला लागली. सावकाश जाते ती, साडू म्हणाले होते, तेच तिचं वैशिष्ट्य. सासरेबुवांची पाठ खाली, पाय वर, आणि ते माझ्याकडे बघतायत, आणि बघता बघता त्यांची नजर माझ्यावरून भिंतीवर, भिंतीवरून छताकडे गेली. कुणी पुढे झालं नाही. मी कळ शोधत होतो, सापडेना. मग शोधायचं सोडून दिलं, कारण तोंड लपवायला खाली वाकलेलं बरं वाटत होतं. पण नाव... नाव तर तेच होतं ना हो!

तेवढ्यात आत्याआजीने विचारलं, काय झालं, सगळे गप्प का? माझी मेहुणी त्यांच्या कानाशी वाकली आणि ओरडून म्हणाली, "आत्याआजी, तुमचे वडील अविवाहित होते म्हणे!"

"कोण, आमचे बाबा?" आत्याआजी म्हणाल्या. "मग मी कोण गं?"

हसले लोक. हसले हो, का नाही हसणार? मी नाही हसलो. मग मेहुणीने त्यांना सगळं पहिल्यापासून ओरडून सांगितलं, होडी, नदी, दातातलं मूल, दगड. सगळं. माझंच भाषण, पण ते असं ओरडून ऐकताना मला एकेका शब्दाची किळस यायला लागली. आत्याआजी ऐकत होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं, "त्या दगडावर नाव कोरलंय? अजून आहे?" मी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, माईक दे.

त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला तसंच सांगतो, यात माझं काही नाही. एवढं तरी माना.

त्यांचे वडील पाण्याला घाबरायचे. जन्मभर. विहिरीत डोकावायचे नाहीत. त्या गावात एका नावाचे दोघे होते, वय साधारण सारखंच, लोक एकाला उंच म्हणायचे आणि एकाला बुटका. उंच होता तो नावाडी. बुटके ते आमचे बाबा, आत्याआजी म्हणाल्या, केरसुण्यांचा भारा घेऊन पलीकडच्या बाजाराला निघालेले. होडी उलटली. उंचाने एकेकाला ओढून काठावर आणलं, बाबांना सगळ्यात शेवटी, आणि मग कुणीतरी राहिलंय असं वाटून तो पुन्हा गेला. कुणी राहिलेलं नव्हतं. तो आला नाही.

वाचलेल्यांना शाळेच्या खोलीत निजवलं होतं आणि दारात एक जण कोण कोण वाचलं त्यांची नावं ओरडत होता. त्याने हे नाव ओरडलं. उंचाच्या आईला कुणीतरी धावत जाऊन सांगितलं, तुझा मुलगा आहे, जिवंत आहे. ती त्याचे कोरडे कपडे काखेत मारून धावत आली. आत शिरली. बघितलं, तर हा.

इथे आत्याआजी थांबल्या. मी खुर्चीमागे गुडघ्यांवर होतो, उठायचं भान नव्हतं.

"ती काही बोलली नाही," त्या म्हणाल्या. "बाबा कुडकुडत होते. तिने कपडे पुढे केले आणि म्हणाली, घाल. ते लांब होत होते बाबांना. तिने खाली बसून पाय दुमडून दिले."

पुढे गावात राहणं बाबांना जमेना. कुणी यांना हाक मारली की ती दारात यायची. आणि लोकही... लोक काय, बोलतात. दोघांतला चांगला गेला, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचे. म्हणून त्यांनी गाव सोडलं, पण एकटे नाही आले, तिला घेऊन आले. तिला दुसरं होतं कोण? "तो फोटो," आत्याआजींनी भिंतीकडे बोट केलं, "मधोमध बसलेली म्हातारी, जिला तुम्ही पणजी म्हणता. ती आमची कुणी नव्हे. ती त्याची आई. माझी वेणी तीच घालायची. रोज संध्याकाळी बाबांना नावाने हाक मारायची, जेवायला ये. आम्हाला कधीच कळलं नाही, ती कुणाला हाक मारते."

आणि सासरेबुवांचा जन्म झाला तेव्हा घरात ठरलं की आजोबांचं नाव ठेवायचं. तर आजोबा म्हणाले, माझं नको, त्याचं ठेवा. सगळे हसले, नाव तर तेच. ते म्हणाले, तुम्हाला तेच वाटेल.

बघा... मी काय मिरवत होतो आणि काय निघालं. नाव तेच होतं, नाव तेच होतं म्हणून आठवडाभर उड्या मारत होतो, आणि ते त्या माणसाला जन्मभर अंगात सैल होणाऱ्या कपड्यांसारखं वागवावं लागलं. आणि मी त्या बुडालेल्या पोराच्या तोंडात तान्हं मूल दिलं. दातात! त्या आईच्या फोटोसमोर उभं राहून. जमीन दुभंगावी म्हणतात ना, ती सिमेंटची होती, दुभंगली नाही.

छताकडे बघत सासरेबुवा म्हणाले, "ही खुर्ची सरळ करा." साडूंनी केली. सासरेबुवा उठले, फोटोपाशी गेले, चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि खूप वेळ त्या म्हातारीकडे बघत राहिले. लोक चहा न घेताच हळूहळू निघून गेले. मी प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत बसलो, कारण त्यात मान वर करावी लागत नाही. शेवटी ते माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. बोला म्हटलं मनात, एकदाचं बोलून टाका. ते म्हणाले, "रविवारी तुम्हाला वेळ आहे का?"

तुम्हाला. परत तुम्ही.

घरी येताना गाडीत बायको एकच वाक्य बोलली, "वाकायला किती वेळ लागला असता?" तिला माहीत होतं मी काय म्हणणार आहे ते, आणि मलाही ते आता म्हणवेना.

रविवारी गेलो. सरळ त्या धक्क्यावर. सासरेबुवांनी घरून बादली आणली होती, ब्रश, आणि पांढरं मऊ फडकं, काट्याची पारडी पुसायचं असतं ना, तसलं. तिकिटाच्या टपरीला खाली चाकं निघाली. मी ढकलली. तिकीटवाला म्हणाला, आजवर कुणी ढकलली नव्हती. मागे अख्खा दगड, खालचं शेवाळाने हिरवं झालेलं. सासरेबुवा खाली बसले आणि एकेक अक्षर घासायला लागले. आईचे एकुलते एक, यावर बराच वेळ थांबले. मी बादलीने नदीचं पाणी आणून देत होतो. तिकीटवाल्याने त्यांना नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, तर तो एकदा दगडाकडे बघतो, एकदा यांच्याकडे, आणि दोन पावलं मागे सरकला. पलीकडे जाणारे उतारू गोळा झाले. त्यातल्या एका बाईने विचारलं, आजोबा, हे तुमचे कोण?

मी पाण्याची बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस काय सांगेल? तुम्हीच सांगा, काय सांगायचं असतं अशा वेळी? त्यांनी घाई केली नाही. फडकं पिळलं, घडी केली.

"आमचे कुणी नव्हेत," ते म्हणाले. "शेवटी ज्याला यांनी बाहेर काढलं, त्याचा मी नातू. आजोबा घाबरट होते आमचे." आणि हे सांगताना ते इतके सरळ उभे होते की पंचाहत्तरीला मनगटं दाखवतानासुद्धा नव्हते.

बाईने हात जोडले. मग तिने माझ्याकडे बघितलं, मी गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात बादली. विचारलं, आणि हे?

सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, बोटाने पारडं चाचपावं तसं. आणि म्हणाले, "हा आमचा जावई. याला कुणाबद्दलही विचारा, नाव अगदी बरोबर सांगतो. माणूस तेवढा चुकतो."

उतारू हसले. मी आणखी एक बादली आणायला गेलो.